वैनी, पाण्यात या की!

(दृश्य: बेळगावचं मध्यवर्ती बसस्थानक, रात्र. बेंगळूरच्या बसमध्ये सामान चढतंय.)

मे महिन्यात बेंगळूरच्या बसला वेगळीच गर्दी असते. कुणी खानापूरचं, कुणी निपाणीचं, कुणी कंग्राळीचं. पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि सगळ्यांत वर घडी करून ठेवलेले नायलॉनचे कपडे. बेळगाव ते बेंगळूर जवळपास ५०० किलोमीटर. सकाळी उतरायचं, तोंड धुवायचं आणि म्हैसूर रस्त्यानं बिडदी गाठायची. तिथं आहे वंडरला हे पाळण्यांचं आणि पाण्यातल्या खेळांचं पार्क.

स्टॅबिलायझरच्या धंद्यातून पुढं आलेले केरळचे उद्योजक कोचौसेफ चिट्टिलप्पिळ्ळी यांनी आधी २००० साली कोचीला पार्क काढलं, मग २००५ साली बिडदीला. आज सीमाभागातल्या पोरांना वंडरला म्हटलं की बिडदीच आठवते.

(दृश्य: रोलर कोस्टरची गाडी चढावर. खट् खट् खट् आवाज.)

पोरं आधी धावतात ती ‘रिकॉइल’कडं. गाडी पुढं जाते, गिरक्या घेते आणि त्याच रुळांवरून उलटी परत येते. साध्या रोलर कोस्टरच्या चढावर जो खटखट आवाज येतो, त्यानं पोटात गोळा उठतो. पण तो आवाज भरवशाचा आहे. गाडी मागं घसरू नये म्हणून खाली एक खिट्टी दात्यांत अडकत जाते, तिचा तो आवाज. उंचीची अटही अशीच. मोठ्या पाळण्यांना साधारण १४० सेंटीमीटर उंची लागते, कारण छातीवर येणारा लोखंडी दांडा लहान अंगाला घट्ट बसत नाही. पोर कितीही रडलं तरी इथं हट्ट करू नये.

पण आम्ही बेळगावहून निघालो ते पोरांसाठी नाही, पोरांच्या आयांसाठी.

(दृश्य: लाटांचा तलाव. काठावर उभ्या बायका.)

आपल्याकडं पोहायला कोण शिकतं? पोरगे. पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधायचा, काका ढकलून द्यायचा, चार दिवस नाकातोंडात पाणी, पाचव्या दिवशी मुटका. त्याच विहिरीच्या काठावर बहीण भावाचे कपडे सांभाळत बसलेली. मार्कंडेय नदीवर ती गेली ती धुणं घेऊन. सौंदत्तीला जोगनभावीच्या कुंडात उतरली ती यल्लम्माच्या स्नानाला. पाण्याशी तिचा संबंध आला तो कामाचा नाहीतर देवाचा. खेळायला म्हणून पाण्यात उतरायचं, हे कित्येकींच्या वाट्याला चाळिशी उलटल्यावर येतं आणि ते अशा तलावात येतं.

म्हणून काठावर बराच वेळ जातो. नायलॉनचा टी-शर्ट अंगाला चिकटलेला, दोन्ही हात छातीशी. इथं साडी चालत नाही. ओला पदर पायात गुंडाळतो आणि सुती कापडाचे धागे गाळणीत जाऊन बसतात. नियम बरोबरच आहे. पण आयुष्यभर नेसत्या साडीत वावरलेल्या बाईला त्याचं काय वाटत असेल, हेही समजून घ्यायला हवं. बायकांसाठी आडोसा आणि कपडे बदलायच्या पुरेशा खोल्या आहेत का, हे आम्ही प्रत्येक पार्कात आधी बघतो. पाळणे किती, ते नंतर.

मग नणंद हाक मारते, ‘‘वैनी, या की पुढं! काय होत नाही.’’

भोंगा वाजतो. पलीकडच्या भिंतीमागं बंद कप्पे असतात. पंख्यानं त्यांत हवा कोंबायची, हवेनं पाणी खाली दाबायचं, मग सोडायचं. हे ठरावीक तालात केलं की लाट उठते. पहिली लाट गुडघ्याला लागते. दुसरीला वैनी किंचाळतात. तिसरीला नणंदेचा हात सुटतो आणि वैनी स्वतःहून दोन पावलं पुढं जातात.

बाहेर आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न घरचाच. ‘‘एवढं पाणी रोज ओततात काय?’’ राकसकोप धरणाची पातळी खाली गेली की नळाची वाट बघणाऱ्या शहरातली बाई हेच विचारणार. ओतत नाहीत. तेच पाणी पंपानं वर चढतं, वाळूच्या गाळण्यांतून जातं, त्यात क्लोरीन मिसळतं आणि परत घसरगुंडीवर येतं. उडून आणि कपड्यांतून जातं तेवढी भर घालावी लागते. तळ स्पष्ट दिसला पाहिजे. पाणी गढूळ असेल तर पैसे भरलेले असले तरी उतरू नये.

(दृश्य: म्हैसूर, कृष्णराजसागर धरणाकडं जाणारा केआरएस रस्ता.)

म्हैसूरला मेटगळ्ळीचं जीआरएस फँटसी पार्क. शाळेच्या सहली राजवाडा, श्रीरंगपट्टण, वृंदावन बाग करता करता इथं थांबतात. मंगळूरकडं गेलात तर पिलिकुळच्या परिसरात मानसा पार्क आहे.

आणि आपल्या जिल्ह्यात? गोकाकला घटप्रभा ५२ मीटरवरून कोसळते, गोडचिनमलकीचा धबधबा आहे, खानापूरच्या रानात वज्रपोहा आहे. बघायला यांच्या तोडीचं काही नाही. पण या पाण्यात खेळता येत नाही. तळाचा अंदाज नाही, शेवाळलेला दगड, वरचा पाऊस कधी लोंढा आणेल सांगता येत नाही. पावसाळ्यात तिथं बंदी येते, ती पाळावी. वॉटर पार्कात उंच खुर्चीवर शिट्टी घेऊन एक माणूस बसलेला असतो. तिकिटाचे पैसे खरे त्याचे.

(दृश्य: परतीची बस. खिडकीत वाळत घातलेला टॉवेल.)

हुबळी मागं पडल्यावर वैनी नणंदेला विचारत होत्या, ‘‘बायकांना पोहायला शिकवतात काय गे कुठं?’’

ट्यूब धरून तरंगणं म्हणजे पोहणं नव्हे, हे त्यांना लाटांच्या तलावातच कळलं होतं. पुढच्या सुट्टीत शिकायचं ठरलंय. मुलीलाही सोबत घेणार आहेत.