अंगावरच्या कापडाची ओळख

नमस्कार श्रोतेहो.

माझे आजोबा आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात मागावर होते. चादर हातात आली की काठ बघून, नक्षीवर बोट फिरवून ती कुठल्या कारखान्याची ते सांगायचे. आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे त्या बाई फार दूरच्या, मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाच्या. पण आजोबांच्या त्या बोटांमुळे त्या मला जवळच्या वाटतात.

रिगोबेर्ता मेंचू. जन्म १९५९ चा, किचे प्रांतातल्या चिमेल या डोंगरातल्या खेड्यातला. तिथल्या माया बायका मागाचं एक टोक झाडाला बांधतात, दुसऱ्या टोकाचा पट्टा स्वतःच्या कमरेला, आणि जमिनीवर बसून विणतात. माग ताणायचा तो अंगाच्या जोरावर. त्या कापडाचा अंगरखा म्हणजे हुइपिल. गावागणिक रंग वेगळे, नक्षी वेगळी. बाई कुठल्या गावची हे कापडच सांगतं.

हीच ओळख पुढे जिवावर बेतली. १९८० च्या आसपास लष्कराने बंडखोरांना आसरा देतात म्हणून माया खेडी जाळायला सुरुवात केली. माणसं सीमा ओलांडून मेक्सिकोत पळाली, आणि कित्येक बायकांनी हुइपिल उतरवून ठेवलं, ओळख पटू नये म्हणून. आईने हात धरून शिकवलेली नक्षी लपवायची! आपल्या गावाला हे वेगळं समजावून सांगायला नको. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला, तेव्हा तिरंगा हाती धरणाऱ्याला तुरुंग दाखवला जात होता.

रिगोबेर्ताबाईंचे वडील विसेंते शेतकऱ्यांचे पुढारी. किचेमधल्या हत्यांची दाद कुणी घेईना, म्हणून ३१ जानेवारी १९८० रोजी ते सोबत्यांसह राजधानीतल्या स्पेनच्या दूतावासात जाऊन बसले. पोलिसांनी इमारतीवर हल्ला केला, आग लागली आणि ३७ माणसं गेली. त्यात विसेंते होते. भाऊ आधीच मारला गेला होता. त्याच वर्षी आईला पळवून नेलं, छळ करून मारलं. १९८१ मध्ये बाई मेक्सिकोत गेल्या. वय बावीस.

परदेशात त्यांनी हुइपिल सोडलं नाही. १९८२ पासून त्या जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी हक्कांच्या बैठकांना जाऊ लागल्या. जी स्पॅनिश त्यांनी मोठेपणी शिकली, तिच्यात उभं राहून जळलेल्या गावांविषयी सांगत राहिल्या. १९८८ मध्ये मायदेशी पाऊल ठेवलं तर अटक झाली. लवकरच सुटका झाली, पण राहणं शक्य नव्हतं. १९९२ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. ते पदक त्यांनी घरी नेलं नाही. ग्वाटेमालात शांतता येईपर्यंत ते मेक्सिको सिटीच्या एका संग्रहालयात ठेवलं.

एक गोष्ट झाकून ठेवणार नाही. त्यांच्या आत्मकथनातल्या काही तपशिलांवर एका अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने आक्षेप घेतले, आणि इतरांवर गुदरलेलं आपल्या कहाणीत मिसळल्याचं बाईंनीही मान्य केलं. माझ्या मते साक्षीदाराने ‘माझं’ आणि ‘आमचं’ वेगळं ठेवायलाच हवं. पण त्यामुळे मूळ आरोप खोटा ठरला नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये सत्यशोधन आयोगाचा अहवाल आला. दोन लाखांवर माणसं मारली गेली किंवा नाहीशी झाली, ओळख पटलेल्यांपैकी ८३ टक्के माया, आणि ६२६ सामूहिक हत्याकांडं सरकारी बाजूच्या माथी. हे आकडे वाचताना मी दोनदा थांबलो.

त्याच वर्षाच्या अखेरीस बाईंनी स्पेनच्या न्यायालयात ग्वाटेमालाच्या माजी लष्करशहांविरुद्ध तक्रार नोंदवली. सूड घ्यायला माणसं मिळाली असती. त्यांनी वकील शोधले. स्वतःच्या देशातल्या कोर्टातही दूतावासाचा खटला चालला आणि त्यात त्या फिर्यादी होत्या. जानेवारी २०१५ मध्ये एका माजी पोलिस अधिकाऱ्याला त्या हत्यांबद्दल चाळीस वर्षांची शिक्षा झाली.

वडील गेले तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या. निकाल लागला तेव्हा छप्पन्न.