गॅस सुटतो, पण पोचतो का?

मघाशी चहाच्या वेळी एका मुलीनं मला मोबाइलवर तिच्या पाणवनस्पतींच्या, माशांच्या टाकीचा फोटो दाखवला. तीन फुटी टाकी. उजवीकडे लालबुंद रोटाला, म्हणजे एक पाणवनस्पती. डावीकडे, ओंडक्याच्या मागे, त्याच दिवशी लावलेला तोच रोटाला, पण फिकट, खालची पानं झडलेला. ओंडक्यावर काळ्या शेवाळाचे झुपके. तिचा प्रश्न होता, "सर, झाडांसाठी कार्बन डायऑक्साइडचे सेकंदाला तीन बुडबुडे सोडते, चार करू का?"

नको करूस. आज जे बोलणार आहे ते सगळं या "नको"चं स्पष्टीकरण आहे.

उदबत्ती लावली की वास घरभर जातो, तसा कार्बन डायऑक्साइड टाकीभर जात असेल, असं आपण धरून चालतो. हवेच्या मानानं पाण्यात हा वायू सुमारे १०,००० पट हळू पसरतो. पाणी अगदी निश्चल असेल, तर एक मिलिमीटर सरकायला त्याला चारेक मिनिटं लागतात. यात आणखी एक मेख आहे: अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट होतो. म्हणजे दहा सेंटिमीटरला जवळजवळ महिना! तोवर तुमची कात्री दोनदा फिरून झालेली असते. काहींना वाटतं, हा वायू हवेपेक्षा जड, म्हणजे तळाशी बसत असेल. विरघळल्यावर तसं काही होत नाही. पाणी नेईल तिथे तो जातो, नाही नेलं तर तिथेच रेंगाळतो.

आता बुडबुडा. दोन मिलिमीटरचा बुडबुडा दीड फूट पाणी साधारण दोन सेकंदांत चढतो आणि वर जाऊन फुटतो. तुमचे पैसे हवेत. एक दशांश मिलिमीटरचा बुडबुडा तेच अंतर चढायला मिनिटभर तरी घेतो, आणि तेवढ्याच गॅसला पाण्याशी भिडायला वीसपट पृष्ठभाग मिळतो. म्हणून डिफ्युझरची, म्हणजे गॅसचे बारीक बुडबुडे करणाऱ्या उपकरणाची, सिरॅमिक चकती स्वच्छ हवी. तिच्यावर शेवाळ धरलं की निम्मी छिद्रं बुजतात आणि उरलेल्यांतून साबुदाण्याएवढे बुडबुडे येतात. ती पातळ ब्लीचमध्ये बुडवा, मग भरपूर पाण्यानं धुवा.

पण खरी गंमत पानापाशी आहे. प्रत्येक पानाला पाण्याचा एक सुस्त थर चिकटलेला असतो. पाणी थांबलेलं असलं की तो अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जाड होतो, आणि तो ओलांडताना गॅसची चाल पुन्हा तीच, मुंगीची. पाणी वाहिलं की थर पातळ होतो. म्हणून मी कुणाच्या घरी गेलो की आधी सिलिंडर बघत नाही, पानं हलतात का ते बघतो. हलकं हलायला हवं. वादळात सापडल्यासारखं नव्हे.

प्रवाहाचा ढोबळ हिशेब म्हणजे तासाला टाकीच्या दहापट पाणी. खोक्यावरचा आकडा मात्र रिकाम्या फिल्टरचा असतो, स्पंज आणि मीडिया, म्हणजे पाणी गाळायचं साहित्य, भरल्यावर तो बराच उतरतो. आणि आकड्यापेक्षा दिशा महत्त्वाची. मागच्या काचेवर पूर्ण लांबीचा स्प्रे बार, म्हणजे फिल्टरचं पाणी सोडणारी छिद्रांची नळी, लावा, छिद्रं समोर. पाणी पुढच्या काचेवर आदळतं, खाली उतरतं आणि तळावरून झाडांच्या मुळाशी मागे येतं. एकच चक्र. हौसेनं दोन पंप समोरासमोर लावू नका. दोन्ही प्रवाह एकमेकांना मारतात आणि मधलं पाणी मेलेलं राहतं.

हे तपासायचं कसं? ड्रॉप चेकर, म्हणजे पाण्यातला गॅस रंगावरून दाखवणारी टाकीत टांगायची छोटी कुपी. आत ४ केएचचं (केएच म्हणजे कार्बोनेट कठीणता) तयार पाणी आणि रंग बदलणाऱ्या ब्रोमोथायमॉल ब्लूचे थेंब. टाकीतलं किंवा बोअरचं पाणी घातलंत, तर तो रंग कशाचा ते देवालाच ठाऊक. निळा म्हणजे गॅस कमी, हिरवा म्हणजे ३० पीपीएमच्या आसपास, पिवळा म्हणजे जास्त, माशांकडे बघा. रंग तास-दोन तास उशिरा बदलतो. मी एकच चेकर चार दिवस चार जागी लावला. गॅस तोच, दिवा तोच. बारच्या समोर पोपटी, दगडाच्या पाठीमागे शाईसारखा निळा. त्या दगडामागेच माझं सगळं काळं शेवाळ होतं. चेकर डिफ्युझरच्या अगदी वर मात्र टांगू नका. बुडबुडे आत शिरतात आणि तो खोटा पिवळा होतो.

एक चूक माझी, तुम्ही करू नका. पूर्वी मी सोलेनॉइड, म्हणजे गॅसचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, लावला नव्हता. एका दुपारी वीज गेली, फिल्टर बंद, पृष्ठभाग आरशासारखा, आणि गॅस मात्र चालूच. संध्याकाळी घरी आलो तर मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. सात टेट्रा गेले. सोलेनॉइड असता तर विजेबरोबर गॅसही थांबला असता. तेव्हापासून गॅस दिवा लागायच्या दीड तास आधी सुरू, दिवा बंद व्हायच्या तासभर आधी बंद, आणि पृष्ठभागावर थोडी लहर कायम. लहरीनं गॅस उडतो म्हणून लोक घाबरतात. उडू दे थोडा. ऑक्सिजन येतो ना.

आता ही समोरची टाकी बघा. मागच्यांनी उभं राहिलं तरी चालेल. बारीक बुडबुड्यांचं धुकं कुठे जातंय? वर, थेट वर. मी स्प्रे बार किंचित खाली वळवतो. थांबा, बोलू नका... काचेवरून उतरलं. दगडाला वळसा घातला. डाव्या कोपऱ्यातलं ते शेवटचं पान बघा. हं. हललं.