घास अडकतो तेव्हा वर्गात कोण असतं?

नमस्कार श्रोतेहो. ठाणे, कळवा, ऐरोली, नेरुळ इथे डी.एल.एड. करणाऱ्या छात्राध्यापकांसाठी आजचं हे बोलणं आहे. पाठ टाचण तुम्ही रोज काढता. आज अशा पाठाबद्दल बोलू, ज्याला टाचण काढायला वेळच मिळत नाही.

पोषण आहाराची वेळ. दुसरीची मुलं व्हरांड्यात पंगतीला बसली आहेत, ताटात भात आणि मटकीची उसळ. हसता हसता एकाचा घास अडकतो. अशा वेळी आपल्याकडे काय करतात? डोक्यावर थापटतात, ‘वर बघ, चिमणी बघ’ म्हणतात आणि पाण्याचा पेला तोंडाला लावतात. साधा ठसका असेल तर तो यातलं काही न करताही जातो. पण श्वासाची वाट खरोखर बंद झाली असेल, तर पाणी पाजून ती मोकळी होत नाही. चिमणी दाखवण्यात मात्र मोलाचे क्षण जातात.

फरक आवाजावरून ओळखायचा. मूल खोकतंय, रडतंय, बोलतंय, म्हणजे श्वास चालू आहे. त्याला खोकू द्या, फक्त जवळ थांबा. जे एकाएकी गप्प झालं, तोंड उघडं पण आवाज नाही, हात गळ्याशी, ओठ काळेनिळे, त्याच्याकडे धावायचं.

आधी गुडघ्यावर बसा. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण अध्यापक विद्यालयात सराव होतो तो बरोबरीच्या मैत्रिणीवर, उभ्यानं. सहा वर्षांच्या मुलाची उंची वेगळी. उभ्यानं करायला गेलात तर मूठ पोटाऐवजी बरगड्यांवर बसते. एका हातानं छातीला आधार देऊन मुलाला पुढं वाकवा. दुसऱ्या तळव्याच्या मनगटाकडच्या भागानं पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या पात्यांच्या मधोमध, 5 जोरदार थापा द्या. घास निघाला नाही तर मागून हात घाला, मूठ बेंबीच्या वर पण छातीच्या हाडाच्या खाली ठेवा, दुसऱ्या हातानं ती धरा आणि आत व वर असे 5 झटके द्या. पुन्हा 5 थापा, पुन्हा 5 झटके. तोंडात चाचपडत बोट घालू नका, घास आणखी आत ढकलला जातो. दिसत असेल तरच काढा.

मूल निपचित पडलं, तर टणक जमिनीवर उताणं झोपवा आणि छातीच्या मध्यावर दाब द्या: साधारण 5 सेंटीमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 या गतीनं. 30 दाब झाले की तोंडात डोकावा, 2 श्वास द्या, पुन्हा 30. घास निघून मूल खेळायला पळालं, तरी पोटाला झटके दिले असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आतला मार बाहेरून दिसत नाही. याच कारणानं सरावात जिवंत माणसाच्या पोटाला खरे झटके द्यायचे नाहीत. मूठ कुठे ठेवायची एवढंच मैत्रिणीवर शिका, जोर सतरंजीच्या घट्ट गुंडाळीवर लावा.

इथेच एक सांगून ठेवते. जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी वर्गातच दिली जाते. ती चावून खायची असते. पहिलीतलं मूल अख्खी गिळायला जातं आणि ती घशात बसते. म्हणून एकेकाला समोर उभं करा आणि चावून झाल्यावर तोंड उघडायला सांगा. आजारी मुलाला त्या दिवशी गोळी नको.

आता प्रशिक्षणातून हमखास निसटणारी बाजू. प्रथमोपचाराच्या तासाला एक रुग्ण असतो, एक मदतनीस. शिक्षण हक्क कायद्याच्या प्रमाणानं धरलं तरी वर्गात 30 मुलं असतात. एकाला तुम्ही सांभाळताय. मग उरलेल्या 29 जणांचं काय? दाराजवळ खिळ्याला एक लाल पुठ्ठा लटकवा, त्यावर वर्ग आणि मजला ठळक लिहा. तो न्यायला दोन मुलं नेमा. एकटं मूल जिन्यात घाबरून थबकतं. त्यांनी काही बोलायचं नाही, पुठ्ठा शेजारच्या बाईंच्या हातात द्यायचा. घाबरलेल्या लहान मुलाला निरोप सांगता येत नाही, वस्तू देता येते. त्या बाई 108 लावतील, बाकीच्यांना बाहेर नेतील. महिन्यातून एकदा पुठ्ठ्याची फेरी करून बघा.

फिट आली तरी हाच पुठ्ठा. कांदा नको, चप्पल नको, दातांत चमचा नको. आजूबाजूची बाकं सरकवा, डोक्याखाली दप्तर द्या, मुलाला कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. झटके 5 मिनिटांपुढे गेले तर लगेच रुग्णालय.

आग लागली की वर्ग मैदानात न्यायचा, हजेरीपत्रक हातात घेऊनच. 16 जुलै 2004 ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत 94 मुलं दगावली. स्वयंपाकघरातली आग झावळ्यांच्या छपराला लागली होती आणि जिना अरुंद होता. म्हणून सराव करताना एक जिना मुद्दाम बंद ठेवा. पण ठाणे-बेलापूर पट्ट्यात, रबाळे, महापे, तुर्भ्याच्या कारखान्यांजवळ, वायुगळतीचं सगळं उलटं असतं. मुलांना मैदानात नेऊ नका. खिडक्या लावा, पंखे बंद करा, फटींत ओली फडकी कोंबा आणि अग्निशमन दलाच्या सूचनेची वाट बघा. क्लोरीन हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. अशा वेळी वरचा मजला बरा.

शेवटी पत्ता. नवी मुंबईत सेक्टरचे आकडे प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे वाशी, नेरुळ अशा प्रत्येक वसाहतीत, पुन्हा येतात. वाशीतही सेक्टर 8, नेरुळातही सेक्टर 8. फोनवर आधी नोडचं नाव, मग सेक्टर, मग जवळची खूण, मग मजला. हा क्रम लिहून लाल पुठ्ठ्याच्या पाठीमागेच चिकटवा. आणि शिपाईमामांना फाटक उघडून रस्त्यावर उभं करा, म्हणजे गाडी पुढच्या गल्लीत वळणार नाही.