एक मिलिमीटर
(इंदुरातल्या एका मराठी व्याख्यानमालेत दिलेलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी.

फोटोग्राफीतली ‘हौस’ इंदुरात तरी कुणी हलकी समजू नये. लाला दीनदयाळ रुरकीला शिकले आणि 1866 साली इथल्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढायच्या नोकरीवर लागले. कॅमेरा त्यांच्या हातात आला तो 1874 च्या सुमारास, नोकरी सांभाळून. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर आणि मध्य भारतातले ब्रिटिश एजंट सर हेन्री डेली यांनी पाठबळ दिलं, आणि पुढे ते थेट निजामाच्या दरबाराचे छायाचित्रकार झाले. त्यांचे विषय भव्य होते. किल्ले, राजवाडे, देवळं, संस्थानिक. काचेच्या प्लेटा आणि अवजड कॅमेरा घेऊन ज्याच्यासमोर उभं राहायचं, ते तसंच भव्य असायचं.

मी आज बोलणार आहे ते करंगळीच्या नखावर मावेल अशा विषयांबद्दल. आणि माझ्यासारख्या नोकरदार माणसाला ते जमायला डिजिटल कॅमेरा का यावा लागला, याबद्दल.

सगळे म्हणतात, डिजिटलमुळे फोटो स्वस्त झाला. झालाच. छत्तीसचा रोल, तो धुवायचा खर्च, प्रिंटचा खर्च, या हिशेबात लग्न, मुंज, सहल एवढंच बसायचं. मुंगीवर रोल घालणारा माणूस घरच्यांना वेडाच वाटला असता. पण मॅक्रोच्या बाबतीत पैशापेक्षा मोठी अडचण वेगळी होती, आणि ती समजून घेतल्याशिवाय हा बदल कळत नाही.

मॅक्रो म्हणजे काय? लहान वस्तूचा अगदी जवळून, मोठा काढलेला फोटो. वस्तू जेवढी, तेवढीच तिची प्रतिमा फिल्मवर किंवा सेन्सरवर पडली, की त्याला एकास एक म्हणतात. पस्तीस एमएमच्या फिल्मची चौकट 36 बाय 24 मिलिमीटर. म्हणजे 36 मिलिमीटर लांबीचा किडा चौकट भरून टाकतो. इतक्या जवळ गेलं की दोन गोष्टी होतात. पहिली, प्रकाश कमी पडतो. लेन्स फिल्मपासून दूर सरकलेली असते, त्यामुळे एकास एकला दोन स्टॉपचा फटका बसतो, म्हणजे उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, एफ 8 ला लावलं, तरी प्रत्यक्षात एफ 16 एवढाच उजेड आत येतो. साधा फ्लॅश वापरणाऱ्याला हा हिशेब डोक्यात करावा लागायचा. दुसरी गोष्ट जास्त कठीण. एफ 8 ला जे स्पष्ट दिसतं, त्याची खोली भरते साधारण एक मिलिमीटर. एवढंच! श्वास घेतला तरी आपण त्याहून जास्त हलतो. पान हलतं, किडा हलतो. डोळा स्पष्ट आला की मिशा धूसर, आणि मिशा साधल्या की डोळा गेला.

आता विचार करा. प्रत्येक फोटोत चूक होण्याची इतकी शक्यता, आणि ती झाली हे कळणार रोल संपून, धुऊन आल्यावर. तोवर किडा कुठे, तो प्रकाश कुठे, आणि आपण नेमकं काय केलं होतं ते तरी कुणाच्या लक्षात असणार? वहीत एक्स्पोजर लिहून ठेवणारे निष्ठावंत लोक होते, त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण बहुतेकांचा हात आखडायचा. डिजिटलनं हे उत्तर जागेवर दिलं. मागच्या पडद्यावर फोटो मोठा करायचा, डोळा बघायचा, नाही जमलं तर बोटभर मागे सरून पुन्हा काढायचा. कोळी अजून तिथेच बसलेला असतो. शिकण्यातला मधला आठवडा गळून पडला, आणि माझ्या मते हीच खरी क्रांती. मेगापिक्सेल वगैरे नंतर.

आमच्यासारख्यांना ही गोडी लावली ती साध्या कॅमेऱ्यांनी. निकॉनचा कूलपिक्स 4500 आला 2002 मध्ये. चार मेगापिक्सेल, पण दोन सेंटिमीटरपर्यंत जवळ जायचा. त्याचा सेन्सर जेमतेम सात मिलिमीटर रुंद, त्यामुळे तेवढंच दृश्य घेताना वस्तू त्यावर फार लहान पडायची, आणि स्पष्टतेची खोली आपोआप वाढायची. छोट्या सेन्सरची कमजोरी मॅक्रोत अशी कामाला आली. मग 2003-04 मध्ये कॅननचा 300डी, निकॉनचा डी 70 आले आणि आम्हालाही लेन्स बदलता यायला लागली. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

विषयासाठी कान्हा-बांधवगडला जायची गरज नाही. तुमच्या गॅलरीत गोडलिंबाची कुंडी असेल. पावसाळ्यात कोवळ्या पानांवर लिंबाळी फुलपाखराची मादी येते, क्षणभर टेकते, पोट वाकवते आणि निघून जाते. पान बघा. जेमतेम मिलिमीटरभर गोल, फिकट पिवळं अंडं. म्हणजे एकास एकला तुमच्याकडे जेवढी खोली आहे, तेवढाच हा अख्खा विषय! काही दिवसांत ते काळपट पडतं, अळी बाहेर येते आणि बहुधा आधी स्वतःचं टरफलच खाते. लहानपणी ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट तपकिरी, मध्ये पांढरा डाग. पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. मोठी झाली की एकदम हिरवी. तिला डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. फोटोसाठी म्हणून मुद्दाम डिवचू मात्र नका.

हे सांगताना माझा आवाज चढतो, त्याला कारण आहे. हल्ली फोकस स्टॅकिंग आलंय. फोकस थोडा थोडा सरकवत बरेच फोटो घ्यायचे आणि संगणकावर जोडायचे, म्हणजे डोक्यापासून शेपटापर्यंत सगळं स्पष्ट. तंत्र सुंदर आहे. पण जिवंत किडा तेवढा वेळ थांबत नाही, म्हणून काही जण त्याला फ्रिजमध्ये ठेवतात, काही मारूनच टाकतात आणि फुलावर मांडतात. संग्रहालयातल्या नमुन्यासाठी संशोधक काय करतात तो वेगळा विषय. हौसेसाठी हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पहाटे गारठ्यात किडे आपणहून सुस्त असतात. सिरपूर तलावाच्या काठी उन्हं चढायच्या आत जा, दवानं भिजलेल्या टाचण्या, म्हणजे चतुरासारखे ते बारीक किडे, गवतावर बसलेल्या सापडतील.

आणि कॅमेऱ्यातली तारीख-वेळ नीट लावून ठेवा. प्रत्येक फाइलमध्ये ती नोंदली जाते. आयनॅचरलिस्टसारख्या, निसर्गाच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर तारीख आणि जागेसह टाकलेला साधा फोटोसुद्धा अभ्यासकाच्या उपयोगी पडतो. रोलवरच्या फोटोला हे भाग्य क्वचितच लाभलं.

महागड्या मॅक्रो लेन्सवाचून अडून बसू नका. बऱ्याच घरांत बाबांच्या फिल्म कॅमेऱ्याची पन्नास एमएम लेन्स कपाटात पडून असते. ती उलटी लावायची रिंग स्वस्तात मिळते, आणि उलटी लावली की ती वस्तूच्या मूळ आकाराच्या जवळपास पोचते. लेन्सवर ॲपर्चरची कडी मात्र हवी, कारण उलट्या लेन्सशी कॅमेरा बोलत नाही. मागची काच उघडी पडते, तिला धुळीपासून जपा. दोन रिंगा इथे टेबलावर आणून ठेवल्यात, एक निकॉनची, एक कॅननची. ज्यांनी कॅमेरे आणलेत त्यांनी पुढे या, लावून बघू.