पहिले फोटो, मग जेवण
(सेवासंस्थांना देणग्या देणाऱ्या परदेशस्थ मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संपादित)

मंडळाचे पदाधिकारी आणि बंधुभगिनींनो,

नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या, आवारात दूरवरून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक झाडाखाली पथारी टाकून राहतात, आणि कोणत्या ना कोणत्या धर्माची संस्था त्यांना जेवण आणून देते. मीही काही काळ एका संस्थेबरोबर तेथे वाढायला जात असे. एका संध्याकाळी गडचिरोलीकडच्या एका म्हाताऱ्या बाईंनी ताट हातात घेतले, पदर सारखा केला आणि त्या आमच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. “पहिले फोटो काढून घ्या जी दादा, मंग जेवतो आमी.” फोटो अर्थातच निघाला, अहवालात छापला गेला आणि परदेशातील देणगीदारांना पोचला. कदाचित तुमच्यापैकी कोणाच्या घरी तो अजून असेल.

माझा आक्षेप अन्नदानाला नाही. ताजबागेच्या दर्ग्यातला लंगर, धंतोलीच्या रामकृष्ण मठातला दवाखाना, मिशनऱ्यांनी उभारलेले सीताबर्डीचे मुरे मेमोरियल रुग्णालय आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या वाटेवर जागोजागी होणारे भोजनदान, हे सारे ज्याने पाहिले आहे तो धर्मप्रेरणेला कमी लेखणार नाही. प्रश्न एवढाच आहे की ताट घेणारा माणूस आपल्या लेखी याचक आहे की नागरिक.

हा फरक किती खोल जातो, हे विदर्भातील कुष्ठसेवेकडे पाहिले की कळते. अचलपूरजवळ कोठाऱ्याला मिशनऱ्यांनी आणि वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ पासून विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी ज्या जखमा धुतल्या, त्यांना हात लावायला घरची माणसेही तयार नसत. परंतु निराधार कुष्ठरुग्णाला कोंडून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्याच्या पुस्तकातून गेले ते २०१९ मध्ये. औषध मिळाले, आश्रमही मिळाला, पण बरा झालेला माणूस कायद्याच्या नजरेत बराच काळ दूषितच राहिला, कारण त्याच्या वतीने न्यायालयाची पायरी चढणे हेही सेवेचेच काम आहे, असे फार थोड्यांना वाटले.

आपल्याकडे हक्क कागदावर आहेत. ते माणसापर्यंत पोचत नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक अन्वये, तरतुदीत बसणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. म्हणजे ती खाट ही विश्वस्तांची कृपा नव्हे. असे असूनही माझ्या ओळखीच्या एका रिक्षाचालकाला एका धर्मादाय रुग्णालयाच्या खिडकीवर सांगण्यात आले, “कोणा ट्रस्टीची चिठ्ठी आणा.” त्याने चिठ्ठी मिळवली आणि आयुष्यभर त्या ट्रस्टींचे उपकार मानले, जे त्याचेच होते, त्याचे उपकार!

धर्माबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलतो. दात्याची श्रद्धा ही त्याची प्रेरणा आहे, आणि संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने ती त्याला दिली आहे; मात्र तोच अनुच्छेद घेणाऱ्यालाही सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य देतो. प्रार्थनेला बसल्याशिवाय ताट नाही, किंवा जयघोष केल्याशिवाय घोंगडी नाही, अशी अट घातली की दान उरत नाही, सौदा होतो. भुकेल्याचा होकार हा होकार धरता येत नाही. गाडगेबाबा गाव झाडून झाल्यावर भाकर घेत, म्हणजे त्यांनी अट स्वतःवर घातली होती, समोरच्यावर नव्हे.

आता आपल्या मंडळाबद्दल. दरवर्षी आपण “किती ताटे वाढली” हा आकडा मागतो, म्हणून संस्थाही ताटेच मोजतात. यंदा फोटोंची अट काढून टाकावी आणि किती जणांचे रेशनकार्ड झाले, किती जणांना तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला मिळाला, किती जणांना धर्मादाय खाट मिळाली, हे विचारावे, अशी माझी विनंती आहे. त्यासाठी मेडिकलच्या आवारात सकाळी टेबल टाकून अर्ज भरून देणारा एक पगारी माणूस लागेल. अन्नदानाला दाते रांगेत असतात, वाढदिवसाच्या तारखा महिना-महिना आधी भरतात. या माणसाच्या पगाराला मात्र मला अद्याप एकही दाता मिळालेला नाही, कारण त्याच्या टेबलावर कोणाच्या आईवडिलांच्या नावाची पाटी लागत नाही.