सेट: इंग्रजीतलं ‘बसवणं’

(दृश्य: सुताराच्या हातातली करवत. कॅमेरा पात्याच्या टोकाकडून दात्यांवर.)

करवतीच्या दात्यांकडे असं टोकाकडून बघितलं की एक गोष्ट लक्षात येते. दाते एका सरळ रांगेत नाहीत. एक किंचित डावीकडे कललेला, पुढचा उजवीकडे, परत डावीकडे. बोट फिरवलं तर कळतं, डोळ्याला पटकन दिसत नाही. पण हा कल नसेल तर करवत लाकडात चार बोटं शिरते आणि अडकून बसते. दात्यांनी पाडलेली खाच पात्याच्या जाडीपेक्षा जराशी रुंद व्हावी लागते, म्हणून ही खटपट. इंग्रज सुतार या कलाला ‘सेट’ म्हणतो. दाते असे वाकवण्याच्या कामालाही तो सेटच म्हणतो, आणि ज्या हत्याराने ते वाकवायचे त्यालाही.

करवतीच्या एका दात्यापाशीच तीन अर्थ झाले. सूर्य, टेनिस, जेली, अंगठीतला हिरा, उंदराचा सापळा, गजराचं घड्याळ अजून बाकी आहेत.

१९८९ साली ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची दुसरी आवृत्ती निघाली, २० खंडांची. त्यात सेट या नुसत्या क्रियापदाचे ४३० अर्थ दिले होते. ही एक नोंद सुमारे ६०,००० शब्दांची. आपल्याकडे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे. त्याच्या १८५७ च्या आवृत्तीत साधारण तेवढ्याच नोंदी आहेत. तिकडे नोंदी साठ हजार, इकडे एका नोंदीत शब्द साठ हजार. तुलना काटेकोर नाही, पण पसारा किती असेल याचा अंदाज यायला पुरेशी आहे.

(दृश्य: ऑक्सफर्ड. बॅनबरी रोड, ७८ क्रमांकाचं घर. समोर लाल टपालपेटी.)

हे अर्थ मोजले कोणी? त्यासाठी या घराच्या मागच्या परसात जावं लागतं. जेम्स मरे हा स्कॉटलंडचा शाळामास्तर १८७९ साली या कोशाचा संपादक झाला. आधी लंडनजवळच्या मिल हिलमध्ये आणि १८८५ पासून इथे, त्याने काम पत्र्याच्या शेडमध्ये चालवलं. शेडला नाव मात्र भारदस्त होतं, स्क्रिप्टोरियम. शेजारी राहणाऱ्या कायद्याच्या प्राध्यापकांना आपल्या घरासमोर पत्र्याचं खोपट नको होतं. त्यामुळे शेडचा खालचा भाग जमिनीत खणून बसवावा लागला, आणि मरेसाहेब पुढची सगळी वर्षं ओलीत, गारठ्यात काम करत राहिले.

आत खणाखणांची कपाटं. खणांत चिठ्ठ्या. गावोगावचे हौशी वाचक पुस्तकं वाचत, एखाद्या शब्दाचा वापर वेधक वाटला की चिठ्ठीवर तो शब्द, ते वाक्य, पुस्तक, साल नि पान उतरवून टपालाने धाडत. टपाल एवढं यायचं की खात्याने त्याच्या दारासमोर ही पेटी उभारून दिली. मरेला अकरा मुलं. चिठ्ठ्या अक्षरानुसार लावायच्या आणि खाऊचे पैसे मिळवायचे, हा त्या घरातला रिवाज.

अर्थ ठरतात ते या चिठ्ठ्यांच्या ढिगाऱ्यातून. एका शब्दाच्या सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरायच्या आणि सारख्या वाटणाऱ्या एकत्र ठेवायच्या. जितक्या चवडी, तितके अर्थ. इथे कोशकाराचा स्वभाव आडवा येतो. एकाला दोन चवडी सारख्या वाटतात, दुसऱ्याला त्यांत फरक दिसतो. म्हणून ४३० हा आकडा थोडा जपूनच घ्यावा. तो शब्दाचा जितका आहे, तितकाच चवडी रचणाऱ्याचाही आहे.

‘एस’ अक्षराचा हा भाग हेन्री ब्रॅडलीच्या वाट्याला आला होता. हा माणूस मला मरेपेक्षाही जवळचा वाटतो. विद्यापीठाचं तोंड न बघितलेला, शेफील्डच्या सुऱ्या-कात्र्यांच्या पेढीत वीसेक वर्षं पत्रव्यवहार सांभाळणारा कारकून. भाषा शिकला त्या आपल्या आपण. १८८४ मध्ये कोशाचा पहिला भाग निघाला तेव्हा त्याने त्यावर असं नेमकं परीक्षण लिहिलं, की मरेने त्याला मदतीलाच घेतलं. पुढे तो सहसंपादक झाला. वस्तऱ्याला धार लावणं यालाही इंग्रजीत सेट म्हणतात. तो अर्थ शेफील्डच्या पेढीत त्याच्या कानावर पडला नसेल तर नवल.

(दृश्य: बदलती चित्रं. सोनाराची पेढी, ओला स्लॅब, खुराड्यातली कोंबडी.)

आता त्या चवडींमध्ये काय काय होतं ते बघू. हिरा कोंदणात सेट करतात. मोडलेलं हाड सेट करतात. खुडूक कोंबडीला अंड्यांवर सेट करतात. कवितेला चाल सेट करतात. कामगाराचे दर, परीक्षेचा पेपर, चोरासाठी सापळा, सगळं सेट. ही झाली माणसाने करायची कामं. काही गोष्टी आपल्या आपण सेट होतात. जेली होते, सिमेंट होतं. भारतीय मानकाप्रमाणे साधं पोर्टलँड सिमेंट ३० मिनिटांच्या आत सेट व्हायला लागता कामा नये, आणि ६०० मिनिटांच्या आत पुरतं सेट झालंच पाहिजे. लवकर झालं तर गवंड्याला माल पसरायला वेळ मिळत नाही.

ही यादी ऐकताना मराठी माणसाच्या मनात एक शब्द आलाच असेल. हिरा कोंदणात बसवतात. हाड बसवतात. कोंबडी अंड्यांवर बसवतात. गाणंही बसवतात.

हा योगायोग नाही. इंग्रजीत ‘सिट’ म्हणजे बसणे, आणि सेट हे त्याचंच प्रयोजक रूप. जुन्या इंग्रजीत सित्तान म्हणजे बसणं, सेत्तान म्हणजे बसवणं. आपण जसं बसणे-बसवणे, हसणे-हसवणे करतो, तशीच घडण. फक्त आपला ‘व’ अजून जागेवर आहे, इंग्रजीतल्या खुणा मात्र हजार वर्षांत झिजून गेल्या. आज इंग्रजाला सेट म्हणताना त्यात बसणं ऐकू येत नाही. मग ४३० अर्थ एकमेकांशी काही नातं नसल्यासारखे वाटतात आणि त्यांचं अप्रूप होतं.

आपण बसवणे वापरतो तेव्हा कुठे मोजत बसतो? भाद्रपदात गणपती बसवतो, अश्विनात घट बसवतो. नाटक बसवतो, नळाला तोटी बसवतो, साडीची घडी बसवतो, विहिरीवर पंप बसवतो, पोरांवर वचक बसवतो, भाववाढीला चाप बसवतो. शिवाय आपसूक बसणारे वेगळे: घसा बसतो, गाळ बसतो, धूळ बसते, भिंत बसते, खड्ड्यातून गाडी गेली की दणका बसतो, विश्वास बसतो किंवा बसत नाही, आणि नवं दुकान सहा महिन्यांत बसतं. क्रिकेटमध्ये इंग्रज समालोचक ज्याला सेट फलंदाज म्हणतो, तो मराठीत जम बसलेला. हा हिशेब कुणी चिठ्ठ्यांवर उतरवून केला, तर बसणे-बसवणे ही जोडी सेटला कमी पडेल असं मला वाटत नाही.

अर्थ असे वाढतात ते रोजच्या, आखूड, बिनभाड्याच्या क्रियापदांचे. आरंभ, प्रस्थापित, संस्थापित असल्या शब्दांना नेमून दिलेलं काम असतं. बसवणे, लावणे, काढणे, घालणे ही घरातली माणसं, पडेल ते काम करतात. सेट त्यांच्यातलाच. त्यातून त्याच्यापुढे अप, ऑफ, आउट, इन, असाइड असली शेपटं जोडायची सोय आहे, आणि प्रत्येक शेपटाबरोबर चवडींची आणखी एक रांग वाढते.

सूर्याचं मात्र जमत नाही. इंग्रजीत सूर्य सेट होतो, आपल्याकडे तो मावळतो, बुडतो. जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला सेट्लगांग म्हणत, म्हणजे आसनाकडे जाणं. आपला सूर्य तसा कुठे टेकत नाही.

(दृश्य: भांड्यांचं दुकान. डब्यांचे सेट, कपबशांचे सेट.)

मग हा डब्यांचा सेट, दागिन्यांचा सेट? हा सेट मुळात त्या घरचाच नाही. ‘गट’ या अर्थाचं हे नाम जुन्या फ्रेंचमधून आलं, तिथे ते लॅटिन ‘सेक्ता’वरून. सेक्ता म्हणजे पंथ, अनुयायांचा मेळा. इंग्रजीतला ‘सेक्ट’ हा शब्द त्याचाच भाऊ. इंग्रजांच्या तोंडी तो सेटसारखा ऐकू आला आणि दोन्ही शब्द एकमेकांत मिसळून गेले. म्हणजे सहा कपबशांचा सेट हा व्युत्पत्तीने सहा जणांचा संप्रदाय ठरतो. बालभारतीच्या नववीच्या गणितातलं पहिलंच प्रकरण ‘संच’, इंग्रजी माध्यमात ‘सेट्स’, तेही याच घराण्यातलं. उडप्याच्या हॉटेलातला सेट डोसाही.

मराठीत सेट मुख्यतः या दुसऱ्या घरातून आला. जिथे बसवणे ठाण मांडून होतं, तिथे त्याला शिरकाव मिळाला नाही. गणपती सेट करू, असं कुणी म्हणत नाही. पण आला तो आपल्या वळणावर गेला. ‘पोरगा पुण्यात सेट झाला’ म्हणजे नोकरी, फ्लॅट, शक्य तर लग्नही. ‘लाईफ सेट आहे’ म्हणताना आवाजात थोडा हेवा असतो. आणि ‘सेटिंग’! टेंडरची सेटिंग, बदलीची सेटिंग. वरवर सगळं नियमाने, आतून आधीच ठरलेलं. हा अर्थ इंग्रजाला विचारून कळणार नाही. प्राध्यापकीसाठीची सेट परीक्षा हा आणखी तिसराच प्राणी, इंग्रजी आद्याक्षरांपासून बनलेला. त्यामुळेच नेट-सेट झालेला मुलगा अजून सेट झालेला नाही, हे वाक्य आपल्याकडे कुणालाही अडखळल्याशिवाय कळतं.

सेटचा विक्रम आता मोडला आहे. ऑक्सफर्डने कोश नव्याने तपासायला घेतला, तेव्हा आधी मेक, मग पुट, आणि २०११ मध्ये ‘रन’ त्याच्या पुढे गेला. रन या क्रियापदाचे अर्थ ६४५. पीटर गिलिव्हर या संपादकाला त्या एका शब्दापायी सुमारे नऊ महिने लागले. यंत्रं आल्यावर रन वाढणारच होता. इंजिन, कारखाना, प्रोग्राम, सगळं ‘रन’ होतं.

(दृश्य: पुणे, डेक्कन कॉलेज. पोलादी कपाटांच्या रांगा.)

सेटचं एक जुनं नातं आपल्या जवळही आहे. संस्कृतात सद् म्हणजे बसणे. सीदति, बसतो. सादयति, बसवतो. हीच ती सित्तान-सेत्तानची जोडी, एकाच मूळ धातूपासून आलेली. सदन, परिषद, संसद, उपनिषद हे सगळे सेटचे नातेवाईक. पक्ष्याचं नीड आणि इंग्रजी ‘नेस्ट’ही त्याच मुळाचे. मराठी बसणे मात्र उपविशति, बैसणे असं वेगळ्या वाटेने आलं.

पुण्यात या सद्‌चीही चिठ्ठ्यांवरून छाननी व्हायची आहे. १९४८ साली डॉ. सुमित्र मंगेश कात्रे यांनी डेक्कन कॉलेजात संस्कृतचा ऐतिहासिक तत्त्वांवरचा कोश हाती घेतला. प्रत्येक शब्द, त्याचे सगळे अर्थ, काळाच्या क्रमाने. सुमारे १,५०० ग्रंथ वाचून कोटीच्या घरात चिठ्ठ्या तयार झाल्या. त्या ज्या दालनात आहेत, त्याचंही नाव स्क्रिप्टोरियमच. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, आणि त्यानंतर तिसाहून अधिक खंड झाले.

ते सगळे ‘अ’चेच आहेत. ‘स’ला अजून बराच अवकाश आहे.