टी-5 : नाव एक, गिअरबॉक्स अनेक

मंडळी, मिशिगनच्या या थंडीत तुम्ही सगळे एका गॅरेजमध्ये ऐकायला जमलात, याचा मला मनापासून आनंद आहे. टेबलावर दोन गिअरबॉक्स उघडून ठेवलेत. डावीकडचा शेवरले एस-10 या छोट्या पिकअपचा आणि उजवीकडचा कॅमॅरो या स्पोर्ट्स कारचा. दोन्हींचं नाव बॉर्ग-वॉर्नर टी-5 आणि दोन्ही पाच गिअरचे. बाहेरून बघाल तर सख्खे भाऊ वाटतील.

हा बॉक्स इंडियाना राज्यातल्या मन्सी गावी तयार होऊ लागला आणि 1980च्या दशकात मस्टँग, कॅमॅरो, जीप, एस-10 अशा कितीतरी गाड्यांत गेला. इंग्लंडमधल्या फोर्ड सिएरा आरएस कॉसवर्थमध्येही हाच होता. पुढे तो धंदा मेक्सिकोच्या ट्रेमेक कंपनीकडे गेला. इतक्या गाड्यांत एकच बॉक्स असल्यामुळे भंगारच्या आवारात लोकांना मोह होतो. पिकअपचा स्वस्तात मिळतोय, घेऊ आणि स्पोर्ट्स कारला लावू! या मोहापायी लोकांचे पैसे आणि सुट्टीचे दिवस वाया गेलेले मी पाहिलेत, म्हणून आज बोलतोय.

आधी गणित बघू. चार सिलिंडरच्या एस-10 मध्ये पहिला गिअर 4.03 चा, म्हणजे इंजिनाच्या 4.03 फेऱ्यांना बॉक्सच्या मागच्या शाफ्टचा एक फेरा, आणि पाचवा 0.86 चा असायचा. कमी ताकदीच्या इंजिनाला ओझं हलवायचं असतं, म्हणून पहिला इतका जड. उजवीकडच्या बॉक्सचा पहिला 2.95 चा आणि पाचवा 0.63 चा. आता मागच्या धुऱ्यात 3.73 चं डिफरन्शियल धरा. पिकअपचा बॉक्स लावला तर पहिल्या गिअरमध्ये एकूण गुणोत्तर 15 च्या वर जातं. व्ही-8 इंजिनाला ते निरुपयोगी आहे. चौक ओलांडायच्या आतच दुसरा टाकावा लागतो. दुसऱ्या बॉक्सला तेच 11 येतं. हायवेवरचा फरकही याच प्रमाणात आहे. टायरचा परीघ 2.1 मीटर धरला तर ताशी 100 किलोमीटरला पिकअपच्या बॉक्सवर इंजिन मिनिटाला साधारण 2,550 फेरे घेतं आणि दुसऱ्यावर 1,870. दिवसभर गाडी चालवणाऱ्याच्या कानांना आणि खिशाला हा फरक कळतो.

मग कुणी विचारतं, फक्त पहिल्या गिअरचं चक्र बदललं तर? नाही चालत. इंजिनाकडून येणाऱ्या इनपुट शाफ्टवरचं चक्र आणि खालच्या जोडशाफ्टवरचं, म्हणजे काउंटरशाफ्टवरचं, सगळ्यात पुढचं चक्र ही जोडी आहे. चौथा गिअर थेट असतो, बाकीच्या सगळ्यांचं गुणोत्तर या जोडीतून जातं. जोडी मोडली की दात जुळत नाहीत. शिवाय टी-5 च्या दोन जाती आहेत. जुनी, म्हणजे नॉन-वर्ल्ड क्लास, हिच्यात मुख्य शाफ्टवर गिअर थेट पोलादावर फिरतात. वर्ल्ड क्लासमध्ये त्यांच्याखाली सुईसारख्या बारीक रोलरचं नीडल बेअरिंग आणि काउंटरशाफ्टला निमुळत्या रोलरचं टेपर बेअरिंग. या दोन जातींचे आतले भाग एकमेकांत घालू नका. वर्ल्ड क्लासमध्ये तेलही ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं पातळ लागतं. दाट गिअर ऑइल ओतलं तर थंडीत गिअर पडायला त्रास होतो.

तरीसुद्धा पिकअपच्या बॉक्सचा एक भाग मला सोन्यासारखा वाटतो : त्याची शेपूट, म्हणजे मागचं आवरण, टेल हाउसिंग. कॅमॅरोत बॉक्स सुमारे 17 अंश कलता बसवलेला असतो. तो जुन्या शेवरले ट्रकच्या सरळ बेल हाउसिंगला, म्हणजे इंजिन आणि बॉक्स जोडणाऱ्या घंटेसारख्या आवरणाला, लावला की केस सरळ होते, पण बॉक्स चॅसीवर टेकवणारा मागचा माउंट तिरपा येतो. गिअरचा दांडाही फार मागे, अखंड सीटच्या खाली निघतो. एस-10 चं टेल हाउसिंग, वरचं झाकण आणि शिफ्टचा रॉड लावले की माउंट सपाट येतो आणि दांडा पुढे सरकतो. माझ्या जुन्या पिकअपमध्ये मी हेच केलं. स्पीडोमीटरची केबल आहे की सेन्सर, एवढं मात्र आधी बघा. क्लच प्लेटसुद्धा : कॅमॅरो व्ही-8 च्या शाफ्टला 26 स्प्लाइन (क्लच प्लेट अडकवणाऱ्या खाचा), एस-10 ला 14, फोर्डला 10.

त्या वेळी मी एक चूक केली. बेल हाउसिंगचं भोक इंजिनाच्या क्रँकशाफ्टशी समकेंद्री आहे की नाही, हे मोजलंच नाही. काही महिन्यांत इनपुट शाफ्टचं टोक पेलणारं पायलट बेअरिंग खल्लास आणि गिअर अडकायला लागला. सगळं उतरवून फ्लायव्हीलवर डायल गेज लावला तर वाचन 14 हजारांश इंच! मर्यादा आहे 5 ची. वाचनाच्या निम्मं सरकवायचं असतं, म्हणून 7 हजारांशच्या ऑफसेट डॉवेल पिना, म्हणजे बेल हाउसिंगची जागा ठरवणाऱ्या मध्यापासून सरकवलेल्या पिना, घातल्या. ते अर्ध्या तासाचं काम आहे, मी ते टाळायला नको होतं.

ताकदीचंही सांगतो. दोन शाफ्टमधलं अंतर फक्त 77 मिलिमीटर. जोर आला की चक्रं एकमेकांना ढकलतात, ॲल्युमिनियमची केस ताणली जाते आणि बहुतेक वेळा तिसऱ्या गिअरचे दात जातात. 1990 नंतरच्या मस्टँगच्या बॉक्सची टॉर्क, म्हणजे पीळ, पेलायची क्षमता 300 फूट-पौंड, झेड प्रकाराची 330. त्यापुढे सहा गिअरच्या टी-56 कडे जा, तिथे हेच अंतर 85 आहे.

आता पुढे या. टेल हाउसिंगच्या बोल्टला अडकवलेली पत्र्याची पट्टी बघा, 1352 ने सुरू होणारा आकडा. खरेदीआधी तोच वाचायचा. पट्टी नसेल तर इनपुट शाफ्ट हाताने फिरवा आणि त्याचे व मागच्या शाफ्टचे फेरे मोजा. डावीकडच्यापासून सुरुवात करू, पहिला गिअर टाकलाय, इनपुटला चार फेरे द्या.